भिंतीपलीकडचं गाणं : रेडिओ सिलोनपासून इंटरनेटवरच्या रेगेपर्यंत



आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवलं. ‘सर, तुम्ही आणि रेगे?’ असा सगळ्यांचा सूर होता. प्रश्न रास्तच आहे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, कान तयार झाला तो सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात, आणि सत्तरी उलटल्यावर जमैका बेटावरचं संगीत ऐकत बसलो, तर लोक विचारणारच. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे व्याख्यान.

आधी घडलं काय ते सांगतो. घरचा जुना रेडिओ बंद पडला. दुरुस्त करणारा माणूस शोधत आम्ही दोन आठवडे हिंडलो. शेवटी नात म्हणाली, “आजोबा, फोनवर लावा की. जगातली सगळी स्टेशनं आहेत त्यात.” तिने रेडिओ गार्डन नावाचं ॲप उघडून दिलं. २०१६ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेला हा उपक्रम. पडद्यावर पृथ्वीचा गोल दिसतो, त्यावर हिरवे ठिपके असतात. एकेक ठिपका म्हणजे जिथे रेडिओ केंद्रं आहेत असं एकेक गाव. बोटाने गोल फिरवायचा आणि ठिपक्यावर थांबायचं. आम्ही फिरवला तो थेट कॅरिबियन समुद्रात जाऊन थांबला. जमैका.

सकाळचे साडेसहा वाजले होते. भारताची वेळ जमैकाच्या साडेदहा तास पुढे. म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. आमच्याकडे दूधवाला येऊन गेला होता, तिकडे लोक जेवणाच्या तयारीत असतील. निवेदक इंग्रजीच बोलत होता, पण ती जमैकन बोली, दहातले चार शब्द कळले तर कळले. आणि मग गाणं सुरू झालं. तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास आम्ही कालच्या संध्याकाळी राहायला जातो.

आता हे झालं निमित्त. खरा मुद्दा वेगळा आहे. कुठलं गाणं माणसाच्या कानापर्यंत पोहोचू द्यायचं, हे ठरवतं कोण? आणि जे अडवलं जातं, ते मग कुठल्या वाटेने येतं? या प्रश्नाचा इतिहास पुण्यात आणि किंग्स्टनमध्ये जवळजवळ एकाच काळात, एकाच तऱ्हेने घडला. तो आज बघू. शेवटी आमच्या स्वतःच्या कानाबद्दलची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

सुरुवात आमच्याच शास्त्रातून करू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये संगीतावर पहारा ठेवण्याचा विचार आहे. संगीताच्या रीती बदलल्या की राज्याचे कायदेही हलतात, म्हणून कुठले सूर नगरात येऊ द्यायचे ते जाणत्यांनी ठरवावं, असा त्याचा आशय. वर्गात हे शिकवताना मुलं हसायची. आम्ही त्यांना म्हणायचो, हसू नका, हे आपल्याकडे घडलेलं आहे.

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर जीव. चित्रपटसंगीताने देशाची अभिरुची बिघडते आहे, हे त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांच्या संघटनेशी वाद झाला, आणि काही काळ ती गाणी आकाशवाणीवरून जवळपास नाहीशीच झाली. हार्मोनियम तर त्याआधीच, १९४० पासून, नभोवाणीच्या दाराबाहेर उभी होती.

यात केसकरांना खलनायक करायचं कारण नाही. त्यांच्याच काळात संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, आकाशवाणी संगीत संमेलनं भरली, ज्या गवयांना दरबारचा आश्रय संपला होता त्यांना मानधन मिळालं. २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे केंद्र सुरू झालं. १९५५ च्या रामनवमीपासून त्या केंद्राने गदिमा आणि बाबूजींचं ‘गीतरामायण’ दिलं, दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी. रेडिओपुढे हार घालून, उदबत्ती लावून बसणारी माणसं आम्ही लहानपणी ऐकून आहोत. पहारेकरी नेहमी दुष्ट असतो असं नाही. कधी कधी तो फार सुंदर गोष्टी आत घेतो. पण त्याच्या हातात दार असतं, ही गोष्ट काही बदलत नाही.

दार बंद झालं की गाणं भिंतीवरून येतं. इथे ते समुद्रावरून आलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी कोलंबोत एक जबरदस्त प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर १९४९ मध्ये तो सिलोनच्या हाती आला. त्या यंत्राच्या जोरावर रेडिओ सिलोनने हिंदी चित्रपटगीतं भारतभर पोहोचवली. १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठला आमच्या वाड्यातल्या मर्फीच्या रेडिओभोवती खालचे, वरचे, मागचे असे सगळे भाडेकरू जमत. शॉर्टवेव्हचं तंत्र मोठं गमतीचं. ती लहर जमिनीला धरून जात नाही, आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून पुन्हा खाली येते. त्यामुळे आवाज लाटेसारखा चढायचा, उतरायचा, ऐन मुखड्याला गायब व्हायचा. मोठा भाऊ एरियलची तार हातात धरून उभा राहायचा आणि आई ओरडायची, “हलू नकोस रे!” अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली. म्हणजे भिंतीवरून आलेल्या गाण्याने दार उघडायला लावलं.

आता हाच काळ धरून जमैकाला चला.

तिथली पार्श्वभूमी थोडक्यात अशी. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं धरून आणून गुलाम म्हणून राबवली. १८३४ साली ब्रिटिशांनी गुलामगिरी कायद्याने संपवली, पूर्ण सुटका १८३८ मध्ये झाली. मळ्यांना मजूर हवेच होते, मग १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. १० मे १८४५ ला पहिली तुकडी उतरली आणि १९१७ पर्यंत सुमारे छत्तीस हजार माणसं गेली, बहुतेक उत्तर भारतातली. जमैकात गांजाला आजही ‘गांजा’च म्हणतात, तो शब्द त्या मजुरांबरोबर गेला. रास्ताफारी पंथाचे एक आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल यांनी तर आपलं टोपणनाव ‘गांगुनगुरू मराघ’ असं घेतलं होतं. त्यात ‘गुरू’ ऐकू येतोच, ‘महाराज’ही पुसटसा ऐकू येतो.

जमैकात रेडिओ आला १९३९ साली, एका हौशी बिनतारी-प्रेमी माणसाने सरकारला दिलेल्या यंत्रावर. १९५० पासून ते केंद्र एका ब्रिटिश कंपनीकडे गेलं, १९५९ मध्ये सरकारी महामंडळाचं केंद्र निघालं. दोन्हीकडे साहेबी वळणाचे कार्यक्रम. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत जे गायलं-वाजवलं जात होतं, त्याला तिथे फारशी जागा नव्हती. मग तिथल्या पोरांनी काय केलं? आमच्या वाड्याने केलं तेच. रात्री समुद्रावरून मायामी आणि न्यू ऑर्लिन्सची केंद्रं लागत, त्यावर अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं रिदम अँड ब्लूज ऐकू येई. आम्हाला कोलंबो, त्यांना मायामी.

पण फरक एक होता. रेडिओसेट परवडणारी घरं तिथे थोडी. म्हणून गाणं रस्त्यावर आलं. ज्याला ते ‘साउंड सिस्टिम’ म्हणतात, ती म्हणजे कपाटाएवढे लाकडी कर्णे, एक ॲम्प्लिफायर, तबकड्या आणि त्या लावणारा माणूस. मोकळ्या आवारात सगळं मांडायचं, माफक तिकीट, रात्रभर नाच. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड, प्रिन्स बस्टर ही त्यातली गाजलेली नावं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि यांना हव्या तशा तबकड्या मिळेनात. तेव्हा या मंडळींनी आपलेच वादक बोलावून आपल्या तबकड्या काढायला सुरुवात केली. त्यातून ‘स्का’ निघालं, ते संथ होऊन ‘रॉकस्टेडी’ झालं, आणि १९६८ च्या सुमारास ‘रेगे’ हे नाव रूढ झालं. मधे १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला होता. पुढे जिमी क्लिफचा ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट आला, १९७३ मध्ये बॉब मार्ले आणि वेलर्सची ‘कॅच अ फायर’ ही तबकडी लंडनच्या कंपनीने जगभर नेली, आणि बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. मार्ले १९८१ मध्ये गेला, अवघ्या छत्तीस वर्षांचा असताना.

आता एक तपशील लक्षात ठेवा. दिवसभर फक्त रेगे वाजवणारं जमैकातलं पहिलं केंद्र, आयरी एफएम, कधी सुरू झालं? १९९० साली. स्वातंत्र्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, मार्लेच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. ज्या संगीतामुळे त्या देशाचं नाव जगाला कळलं, त्याला स्वतःच्या घरी स्वतःचं केंद्र मिळायला इतका वेळ लागला. लंडनमध्येही तेच. तिथल्या कॅरिबियन वस्तीतल्या लोकांनी १९८० च्या आसपास ‘ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन’ नावाचं बेकायदा केंद्र चालवलं. आद्याक्षरं बीबीसीची टर उडवणारी, डीबीसी! २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. दाराबाहेर ठेवलेल्या गाण्याला पुढे सन्मानाने पाट मांडला जातो, असं इतिहासात बरेचदा होतं. मधल्या काळात ते गाणारे मरून गेलेले असतात.

तुमच्यातल्या रसिकांसाठी रेगेच्या तालाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे समेचं महत्त्व केवढं! सगळी तान, सगळी तिहाई समेवर येऊन पोहोचते, आणि श्रोत्याची मान हलते. रेगेत चार मात्रा धरा. गिटारचा तुटक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आणि ‘वन ड्रॉप’ नावाच्या त्यांच्या खास ठेक्यात ढोलाचा मुख्य आघात येतो तिसऱ्या मात्रेवर. पहिली मात्रा रिकामी. जिथे आपण सम शोधतो तिथे मौन! वेलर्सचा ढोलवादक कार्लटन बॅरेट हा या ठेक्याचा बादशहा. पहिले आठ-दहा दिवस आमची मान चुकीच्या जागी हलत होती. मग कळलं की त्या रिकाम्या जागेत बेस गिटार चालते आहे, आणि गाणं तिच्या खांद्यावर उभं आहे. जमिनीतून येणारा तो खर्ज फोनच्या कर्ण्यातून ऐकू येत नाही, त्यासाठी बरा स्पीकर लागतो. नातीने वाढदिवसाला तोही आणून दिला.

हे इंटरनेट रेडिओ प्रकरण कधी सुरू झालं? अमेरिकेत १९९३ मध्ये कार्ल मलामूड यांनी ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला. १९९४ च्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्राने आपलं प्रसारण इंटरनेटवर सोडलं. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. टेलिफोनमधून किंचाळणारा तो मोडेम आठवतो ना? त्यावर गाणं ऐकणं म्हणजे पाचशे पानांचा ग्रंथ पोस्टकार्डांवरून मागवण्यासारखं. आज साधारण चांगल्या आवाजाचा प्रवाह सेकंदाला १२८ किलोबिट घेतो, म्हणजे तासाला सत्तावन्न-अठ्ठावन्न मेगाबाइट. फोनच्या रोजच्या डेटात सहज बसतं.

यातली क्रांती यंत्राची नाही, जागेची आहे. हवेतल्या लहरींची संख्या मर्यादित असते. दोन केंद्रं एकाच आकड्यावर बसली की भांडणं, म्हणून परवाना, म्हणून सरकार, म्हणून पहारेकरी. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. तरी खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा अजून नाही. इंटरनेटवर आकड्यांची टंचाई नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं सोमाएफएम बघा, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, आणि त्याची एक वाहिनी निव्वळ जुन्या रेगेला आणि स्काला वाहिलेली.

म्हणजे दार गेलं का? इतकं सोपं नाही. दार पैशाच्या रूपाने परत येतं. इंटरनेट केंद्रांना प्रत्येक गाण्यामागे आणि प्रत्येक श्रोत्यामागे हक्कशुल्क द्यावं लागतं. ते एकदम वाढणार म्हणून अमेरिकेतल्या कित्येक केंद्रांनी २६ जून २००७ ला दिवसभर मौन पाळलं होतं. शिवाय दुसरी एक गोष्ट आमच्या मनात सलते. वाड्यात बारा बिऱ्हाडं एक गाणं ऐकायची. आता आम्ही आमच्या खोलीत जमैका ऐकतो, नात तिच्या खोलीत आणखी काही ऐकते, आणि मधे एक भिंत. दार गेलं, भिंत राहिली.

आणि आता त्या भिंतीची गोष्ट.

रेगेच्या गाण्यांत ‘बॅबिलॉन’ हा शब्द सारखा येतो. बायबलात यहुद्यांना बंदी करून बॅबिलॉनला नेल्याची कथा आहे. रास्ताफारींनी तो शब्द उचलला. मळेवाला, पोलीस, साहेबाची शाळा, माणसाला खाली ठेवणारी सगळी व्यवस्था म्हणजे बॅबिलॉन. आणि परतायचं ते झायन, आफ्रिकेत. जुलूम करणाऱ्यांनीच हातात दिलेला धर्मग्रंथ यांनी उलटा धरून वाचला, आणि त्यातून आपला इतिहास काढला.

आम्ही हे एका सकाळी ऐकत होतो आणि चहाचा कप हातातच राहिला. हे वाचन आपण कुठे पाहिलंय? दूर कशाला, पुण्यात! १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं. जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद आहे तो. त्यात दशावतारांची कथा उलटी वाचली आहे. अवतार म्हणजे बाहेरून आलेल्यांची आक्रमणं, आणि पाताळात गाडलेला बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा. दिवाळीत आपल्या बाया ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, त्यात फुल्यांना इतिहास ऐकू आला. रास्तांचं झायन आणि फुल्यांचं बळीराज्य, विचाराची जात एकच. आणि ते पुस्तक अर्पण कुणाला? गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. एकशेपन्नास वर्षांपूर्वी पुण्यातल्या माणसाला अटलांटिकपलीकडचा गुलाम आपला वाटला. रेडिओ नव्हता, तार नुकती आलेली. तरी त्याला ऐकू आलं.

पुढची साखळीही आपल्याला माहीत आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि गाणं? सत्यशोधकी जलसे, मग भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, मग वामनदादा कर्डकांसारखे गावोगाव हिंडणारे कवी-गायक. आकाशवाणीच्या दारात यांना कितीशी जागा होती? हे गाणं वाढलं ते मैदानात, कर्ण्यांवर. म्हणजे आपलीही साउंड सिस्टिम होतीच.

तर सांगतो. आमचं घर पेठेतून उपनगरात गेलं, त्याला चाळीस वर्षं झाली. सोसायटीच्या मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे वस्ती. १४ एप्रिलला तिथे जयंती, दोन-तीन दिवस आधीपासून कर्णे. एप्रिल म्हणजे आमचे पेपर तपासायचे दिवस. एका वर्षी आम्ही सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रारअर्ज लिहिला. मसुदा आमचाच, मराठी उत्तम होतं. ‘विद्यार्थ्यांच्या अभ्यासात व्यत्यय’ वगैरे. सोळा जणांच्या सह्या झाल्या. पोलीस आले, आवाज बंद झाला, आम्ही खिडकी उघडली आणि कांटच्या कर्तव्यविचारावरचे पेपर तपासायला घेतले.

त्याच आम्ही गणपतीच्या दहा दिवसांत कधी अर्ज लिहिला नाही. आवाज काही कमी नसतो. तेव्हा आम्ही खिडकी लावून घ्यायचो आणि वर्गणी द्यायचो. हा फरक आम्ही का केला, याचं उत्तर आम्हाला तेव्हाही देता आलं असतं. कुणी विचारलं नाही, आणि आम्ही स्वतःला विचारलं नाही. केसकरांनी देशाच्या दारावर पहारा ठेवला म्हणून वर्गात आम्ही मुलांना हसवायचो. आमच्या खिडकीवर पहारेकरी कोण होता?

आवाजाचा त्रास खोटा असतो असं आमचं म्हणणं नाही. म्हातारी माणसं, आजारी माणसं असतात, रात्री दहानंतर बंद करा हा नियम सगळ्यांना सारखा हवा. मुद्दा त्या ‘सारखा’ या शब्दाचा आहे.

जमैका ऐकायला लागल्यानंतरच्या पहिल्या जयंतीला आम्ही खिडकी लावली नाही. सवय झालेल्या कानाला आधी खर्ज ऐकू आला. मग शब्द तुटक तुटक. शेवटी चप्पल घातली, वळसा घालून पलीकडे गेलो. भिंतीमुळे दहा मिनिटांचा वळसा आहे, तो चाळीस वर्षांत पहिल्यांदा घातला. कर्ण्यांसमोर उभे राहिलो तर छातीत धडधड. यंत्रापाशी बसलेला मुलगा उठून आला. “काका, समोर नका उभं राहू, आवाज फुटतो. हिकडं बाजूला या, शब्द नीट ऐकू येतात.” खुर्ची दिली, सरबत दिलं. बाजूला बसलो आणि खरंच, शब्द नीट ऐकू आले. शाळा, पाणी, पुस्तक, आईची पायपीट. जमैकन बोली समजावी म्हणून आम्ही शब्दकोश धुंडाळत होतो, आणि हे तर मराठी होतं.

त्या मुलाला तक्रारअर्जाबद्दल काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याचा तेव्हा जन्मही झाला नसेल. आम्ही त्याला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहोत.

इथे एक आक्षेप येईल. दूरचं दुःख ऐकणं सोपं असतं, त्यात आपलं काही जात नाही. बरोबर आहे. गोव्यात २०१६ पासून रेगेचा मोठा महोत्सव भरू लागला. मार्लेचं चित्र असलेले बनियन किनाऱ्यावरच काय, कोरेगाव पार्कातही दिसतात. जटा, चिलीम, हिरवा-पिवळा-लाल पट्टा, झालं रेगे. ऐकण्याचं सोंग करायला हे संगीत फार सोयीचं आहे. पण सगळेच तसे नसतात. दिल्लीच्या तरु दालमिया या रेगे गायकाने पंजाबातले दलित गायक बंत सिंग यांच्या गावी जाऊन त्यांच्यासोबत गाणी केली. दूरचं ऐकणं जवळच्या माणसापर्यंत नेतं की त्याच्यापासून पळायची सोय होतं, ही त्या ऐकण्याची परीक्षा. फुल्यांचं पुस्तक त्या परीक्षेत उतरतं. अमेरिकेला अर्पण केलं, पण लिहिलं ते इथल्या धोंडिबासाठी, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज उभा केला. आम्ही स्वतः काठावर पास होऊ, तेही उशिरा भरलेल्या फॉर्मवर.

शेवटचा मुद्दा भाषेचा. रास्ता लोक ‘आम्ही’ म्हणायला इंग्रजीतलं नेहमीचं ‘वुई’ टाळतात. ते म्हणतात ‘आय अँड आय’. मी आणि मी. म्हणजे समोरचाही ‘मी’च, कुणी ‘तो’ नाही. इंग्रजीला हे करायला नवा शब्दप्रयोग घडवावा लागला. मराठीत तो आधीपासून आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. आता तुमच्या लक्षात आलं असेल, गेला तासभर आम्ही ‘आम्ही, आम्ही’ करतो आहोत. प्राध्यापकी सवय आहे ती, पेठेचीही आहे. त्या ‘आम्ही’त सोळा सह्या होत्या, भिंतीपलीकडचं कुणी नव्हतं.

येत्या १४ एप्रिलला आम्ही पुन्हा तिकडे जाणार आहोत. वळसा दहा मिनिटांचा आहे, आणि गुडघे कुरकुरतात, म्हणून हळूहळू जाऊ. ज्यांना यायचं असेल त्यांनी व्याख्यानानंतर नाव सांगावं. मिळून जाऊ आपण.